लिलावात गेलेला माळा

सॅन्टन लोपीसला या सगळ्या उद्योगातून मिळायची होती ती फक्त दोन अक्षरं: 'सर'.

जमेची बाजू एवढीच. दोन अक्षरांसाठी एखादा निवृत्त, मधुमेह नसलेला, स्वतःची वाडी असलेला माणूस इतका का झुरतो, असं कुणालाही वाटेल. पण सॅन्टनची बायको डेल्फिन गावच्या शाळेत शिकवायची. अर्धं गाव तिच्यासमोर पाढे म्हणून मोठं झालेलं. त्यामुळे ती 'टीचर', तिचं घर 'टीचरचं घर', दारातला कुत्रा 'टीचरचा कुत्रा', आणि एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये जन्मभर नटबोल्टांना नंबर लावलेला सॅन्टन 'टीचरचे मिस्टर'. त्यातही कुत्रा वरचढ होता. त्याला लोक टायगर म्हणून नावाने हाक मारत.

दुपारी जेवण झालं की सॅन्टन ओट्यावरच्या झोपाळ्यावर आडवा व्हायचा. केळीची पानं वाऱ्याने हलत, माडांच्या सावल्या अंगणात हळूहळू सरकत, आणि डोळा लागला की तेच स्वप्न. आगाशीच्या बाजाररस्त्यावरून तो चाललाय. पायात पॉलिश केलेले बूट. भाजीवाल्या उठून उभ्या राहतायत, एसटीचा ड्रायव्हर गाडी थांबवून सलाम करतोय, आणि वरून, जणू माडांच्या शेंड्यांतून, आवाज येतोय, "सर... सर..." नेमका त्याच वेळी टायगर भुंकायचा.

म्हणून फादर मर्विन जेव्हा म्हणाले, "सॅन्टन अंकल, तुम्हाला त्या कॉम्प्युटरमधलं कळतं ना? सगळ्यांची मुलं परदेशी गेली आणि जाताना कॉम्प्युटर ठेवून गेली. आमचे ज्येष्ठ त्यावर क्रोशाचं कव्हर घालून रोज धूळ पुसतात. त्याला काय काय म्हणतात तेवढं तरी सांगा," तेव्हा सॅन्टनने होकार द्यायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात फादरांना दुसरं नाव सुचलंही नसतं.

दिवस ठरला सुगीच्या सणाचा. त्या रविवारी घरोघरचं नवं पीक, भाताच्या लोंब्या, भोपळे, शहाळी, केळीचे लोंगर, सजवलेल्या तबकांत घालून देवापुढे नेतात. फादर आशीर्वाद देतात आणि मग चर्चच्या आवारात त्याचा लिलाव होतो. पैसा चर्चच्या कामाला जातो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आणि लिलाव यांच्यामध्ये हॉलमध्ये व्याख्यान. माणसं आयतीच जमलेली.

डेल्फिन त्या दिवसांत राजोडीला बहिणीकडे होती. भाची टिफनीचं लग्न तोंडावर आलं होतं. जाताना तिने झोपाळ्याकडे बघून सांगितलं होतं, "कॉम्प्युटरला हात लावू नका. आईची गाणी त्यातच आहेत. सोमवारी येऊन मला ती काढायची आहेत."

गाणी साधी नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून आणायचं, तेव्हा बायका वाटेत म्हणतात ती. म्हणणाऱ्या बायका एकेक करून गेल्या. डेल्फिनची आई शेवटची, आणि ती जाण्याआधी सॅन्टननेच मोबाईल धरून तिचा आवाज भरून घेतला होता. मोबाईल पुढे विहिरीतच पडला. उरलं ते कॉम्प्युटरमध्ये. टिफनीचा हट्ट होता, आजी आली पाहिजे, निदान आवाजाने तरी.

"हात कशाला लावू?" सॅन्टन म्हणाला, आणि रविवारी सकाळी त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला. उघडायचं, दाखवायचं, परत बसवायचं. स्टोअर्सचा माणूस. प्रत्येक भागाला चिठ्ठी, प्रत्येक स्क्रूला पुडी. पंखा, रॅम आणि हार्ड डिस्क त्याने घरातल्या सगळ्यात चांगल्या तबकात मांडली, डेल्फिनच्याच. खाली क्रोशाचा रुमाल अंथरला. उरलेला सांगाडा आणि मॉनिटर रिक्षात घातले. घरचा माल पहिल्यांदाच व्याख्यानाला चालला होता, उघड्या अंगाने कसं जाणार?

व्याख्यान रंगलं, हे मान्य केलं पाहिजे.

"मॉनिटर म्हणजे खिडकी," सॅन्टन म्हणाला. "खिडकीतून वाडी दिसते, म्हणून वाडी खिडकीत असते का?"

"नसते," हॉल म्हणाला.

"मदरबोर्ड म्हणजे वाडी. त्यावर ह्या बारीक सोनेरी रेघा दिसतात ना, ते पाट. पॉवर सप्लाय म्हणजे विहिरीवरचा पंप. येईल तेवढी वीज आत सोडत नाही, ज्या वाफ्याला जेवढी लागते तेवढीच."

माना डोलल्या. पहिल्या रांगेत शेजारची प्रिस्का आजी बसली होती. ती म्हणाली, "आणि सीपीयू? आमचा पोरगा म्हणाला होता, सीपीयूवर पाणी सांडू नको."

"लोक सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. चूक! डबा म्हणजे कॅबिनेट, नुसतं घर. सीपीयू म्हणजे आत बसलेली एवढीशी चकती. पण विचार सगळा ती करते, म्हणून सगळ्या घराला तिचंच नाव पडतं."

"म्हणजे टीचर!" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसून हसून लोळला. सॅन्टनने ते खर्चाच्या बाजूला लिहिलं आणि तबक उचललं.

"विचार करून ती तापते, म्हणून हा पंखा. ही रॅम, म्हणजे मेमरी, आठवण. ही कशी, तर घराचा ओटा. दिवसभर हाताशी लागेल ते सगळं ओट्यावर. पण वीज गेली की ओटा रिकामा. आणि ही हार्ड डिस्क, म्हणजे माळा. माळ्यावर ठेवलेलं वीज जावो, वर्ष जावो, तिथेच राहतं. माझ्या सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांची गाणी ह्यात आहेत. इथे. ह्या एवढ्याशा डबीत."

खिडकीतून भाताच्या लोंब्यांचा वास येत होता. म्हाताऱ्या बायका त्या डबीकडे अशा बघत होत्या, जणू आतून आता कुणीतरी खोकेल.

मग गर्दी झाली. लोक पुढे आले, हात मिळवू लागले, स्वतःच्या घरच्या खिडक्या, पंप आणि माळे यांच्या तक्रारी सांगू लागले. कौतुकात माणूस केळफुलासारखा खाली वाकतो. सॅन्टन वाकला. तबक टेबलावर राहिलं. टेबलावर लिलावाला जायची इतरही तबकं होती.

त्याला शुद्ध आली ती लाउडस्पीकरच्या आवाजाने. लिलाव करणारा गॉडफ्रे, ज्याचा आवाज माइकशिवाय निर्मळ गावापर्यंत जातो आणि तरी ज्याला माइक दिला जातो, बाहेर गर्जत होता: "भोपळा गेला! आता बघा, वेगळंच पीक! आपल्या सॅन्टन सरांच्या घरचं! सॅन्टन सरांनी देवाला काय वाहिलंय बघा!"

सॅन्टन दाराशी पोचला होता. तोंड उघडलेलं होतं. 'थांबा' हा शब्द ओठावर आलेला होता. पण लाउडस्पीकर माडाला बांधला होता आणि शब्द खरोखरच शेंड्यातून येत होता. अगदी स्वप्नातल्यासारखा.

"सरांचा पंखा! कोण घेतंय? सरांची मेमरी! अरे, सरांच्या मेमरीला भाव नाही?"

आता ओरडलं तर काय होईल, याचा हिशेब त्याने केला. 'ते चुकून आलंय' म्हणायचं, लोक हसणार, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा 'टीचरचे मिस्टर'. थोडं थांबू, त्याला वाटलं. अजून एकदाच म्हणू दे. टायगर भुंकत नव्हता. सॅन्टन डोळे अर्धवट मिटून उभा राहिला, आणि डोळे उघडले तेव्हा हार्ड डिस्क गेली होती. भाव भोपळ्यापेक्षा जास्त, केळीच्या लोंगरापेक्षा थोडा कमी.

दुपारी फोन आला. डेल्फिन म्हणाली, "सगळं नीट आहे ना?"

"माळा... म्हणजे कॉम्प्युटर अगदी नीट आहे," सॅन्टन म्हणाला. हॉलमधून परत आणलेला सांगाडा उघडा पडला होता आणि त्यात एक पाल येऊन बसली होती.

"टिफनी आत्तापासून रडतेय, आजीचा आवाज ऐकायचा म्हणून. बरं, मी उद्या येतेच."

मग त्याने लेकीला, ॲनिशाला, पुण्याला फोन लावला. "समजा," तो म्हणाला, "समजा एखाद्याचे काही भाग हरवले—"

"पप्पा, काय केलंत?"

"समजा म्हटलं."

"आपला कॉम्प्युटर इतका जुना आहे की त्याचे भाग आता दुकानात मिळत नाहीत. बॅकअप ठेवलाय ना? दुसरीकडे कॉपी?"

"बॅकअप म्हणजे पुढच्या सालासाठी राखलेलं बियाणं. मी आज लोकांना समजावून सांगितलं."

"ठेवलंत का?"

"सांगितलं," सॅन्टन म्हणाला.

गॉडफ्रेने सहानुभूतीने ऐकलं आणि नियम सांगितला. "देवाला वाहिलेलं परत मागता येत नाही, सर. अर्ज करायचा तर लिलाव समितीच्या अध्यक्षाकडे करा."

"अध्यक्ष कोण?"

"मी. पण मी एकटा ठरवू शकत नाही. चिटणीसाची सही लागते."

"चिटणीस कोण?"

"मीच. पण समितीची बैठक नाताळानंतर आहे."

"तुझी तुझ्याशीच बैठक आहे ना? आत्ता घे की!"

"कोरम आहे हो, पण विषयपत्रिका नाही." गॉडफ्रेला दया आली असावी, कारण त्याने हळूच पुस्ती जोडली, "घेणाऱ्याने स्वखुशीने वापरायला दिलं, तर समिती काही म्हणणार नाही. मालकी मात्र त्याचीच."

म्हणून सोमवारी सकाळी स्टोअर्सचा माणूस, जन्मभर ज्याने दुसऱ्यांना सही केल्याशिवाय वॉशर दिला नाही, तो स्वतःचाच माल मागायला निघाला.

पंखा राजोडीच्या ग्रेसीने घेतला होता. आगाशीच्या बाजारात तिची मासळीची टोपली. टोपलीवर दोरीने पंखा टांगलेला, खाली बोंबील.

"ग्रेसी, तो विजेशिवाय फिरत नाही."

"मना ठावं हाय. पन माशीला ठावं नाय. ती बघते नि लांब बसते." ग्रेसीने पंखा बोटाने गर्रकन फिरवला. "आनि गिऱ्हाईक येतंय, इचारतंय, ये काय? मी सांगते, टीचरच्या मिस्टरचा हाय. मंग उभं राहातंय, मंग मासळी घेतंय."

"दोन दिवसांसाठी दे. त्यात टिफनीच्या आजीचा आवाज अडकलाय."

ग्रेसीचा फिरता हात थांबला. "त्या म्हातारीने माज्या लग्नात पानी आनलेलं," ती म्हणाली. "देते. पन गाना होईल तवा मी पंख्यापाशी बसनार. माझा पंखा हाय."

प्रिस्का आजीचं घर शेजारीच, पण तिथून निघायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण ती आनंदात होती. रॅमची पट्टी तिने उशीखाली ठेवली होती.

"सॅन्टन, देणार नाही मी. काल झोपले आणि सगळं आठवलं! कानातली कुडी शेंगदाण्याच्या डब्यात ठेवली होती, तीसुद्धा. उठून बघितलं तर तिथेच!"

"आजी, तिचा तसा उपयोग नसतो. ती ओटा आहे. वीज नाही तर रिकामा."

"रिकामाच बरा," प्रिस्का आजी म्हणाली. "ओटा भरलेला असला तर कुणी येऊन बसेल कुठे? काल माझ्या ओट्यावर तुझी सासू आली. लुगडं भिजलेलं, डोक्यावर घागर. मी म्हटलं, बस. म्हणाली, बसायला वेळ नाही, नवरी थांबलीय."

सॅन्टनने त्या उशीकडे पाहिलं. व्याख्यानात तो इतकं सुंदर काही बोलला नव्हता, आणि जे बोलला होता ते बरोबर असूनही आत्ता कमी पडत होतं.

"तिला वेळ नाही ना," तो म्हणाला, "मग आपणच पट्टी घेऊन तिच्याकडे जाऊ."

आजीने पट्टी रुमालात गुंडाळली. पण स्वतःच्या हाताने बसवणार, ही अट.

उरला माळा. तो घेतला होता आचोळ्याच्या रमेश आणि वसुंधरा यांनी. हे साताऱ्याकडचं नोकरदार जोडपं. दर वर्षी ताज्या भाजीसाठी सुगीच्या लिलावाला येतं. सॅन्टन बस आणि रिक्षा करत त्यांच्या इमारतीपाशी पोचला. फाटकातला वॉचमन उठून उभा राहिला.

"सर, किधर जाना है, सर?"

सॅन्टन जागच्या जागी थिजला. मागून एक पिझ्झावाला आला. वॉचमन त्यालाही म्हणाला, "सर, नाम लिखो, सर." मग गॅसवाला आला. तोही सर. सॅन्टनने ज्या दोन अक्षरांसाठी सासूचा आवाज मोजला होता, ती आचोळ्यात फाटकावर फुकट वाटली जात होती, एकेका वाक्यात दोनदा.

वर रमेश तक्रार घेऊनच बसला होता. "बरं झालं आलात. हे वाजतच नाही हो. देवळाबाहेर तो मंत्राचा डबा मिळतो बघा, प्लगमध्ये खुपसला की चालू. मला वाटलं तसंच. तुम्हीच म्हणालात, ह्यात गाणी आहेत."

"आहेत."

"मग वायर कुठाय?"

वसुंधरा चहा घेऊन आली. "मी म्हटलं यांना, गाणी असलेलं देवाजवळ ठेवू. रात्रभर समईपाशी ठेवलं. कुणाच्या आईचा आवाज आहे म्हणे?"

सॅन्टनने सांगितलं. लग्न, विहीर, मोबाईल विहिरीत गेला तो, आणि माडावरच्या लाउडस्पीकरपाशी आपण का गप्प उभे राहिलो तेही. शेवटचं सांगायची गरज नव्हती. पण समईपाशी ठेवलेल्या सासूसमोर खोटं बोलवेना.

रमेश आधी हसला, मग थांबला. "आमच्याकडेपण जात्यावरच्या ओव्या होत्या. आईच्या. कुणी भरून ठेवल्या नाहीत." त्याने पायात चपला घातल्या. "चला. पण हा डबा माझा आहे, मी बरोबर येणार."

"मीपण," वसुंधरा म्हणाली.

अशी ती वरात दुपारच्या उन्हात टीचरच्या घरी पोचली. गॉडफ्रे समितीतर्फे हजर होता, दोन्ही पदांनी. सॅन्टनने पुड्या सोडल्या. स्क्रू जागेवर गेले. एक उरला, जसा नेहमी उरतो. ग्रेसीने पंखा पुसला, तरी बोंबलाचा वास राहिलाच. प्रिस्का आजीने पट्टी खाचेत दाबली तेव्हा डोळे मिटून घेतले. रमेशने डिस्क दोन्ही हातांनी धरून दिली.

"बटन दाबा," मागून आवाज आला.

डेल्फिन दारात उभी होती. हातात पिशवी.

"डेल्फिन, मी सांगतो—"

"मला राजोडीतच कळलं. ग्रेसीची टोपली तुमच्या आधी पोचते. दाबा."

बटन दाबलं. पंखा घरघरला आणि खोलीभर बोंबलाची झुळूक सुटली. खिडकी उजळली. सॅन्टनने माळ्यावरची गाण्यांची पेटी उघडली.

आधी एक कोंबडा आरवला, जो केव्हाचाच कुणाच्या तरी ताटात गेलेला होता. मग रहाट वाजला. मग तो आवाज, पातळ, चिरलेला, मध्येच पाण्यात बुडून वर येणारा, घरच्या बोलीत नवरीला सांगत होता की घागर जड आहे पण वाट ओळखीची आहे. प्रिस्का आजी सोबत पुटपुटू लागली. ग्रेसीने डोक्यावर पदर घेतला. साताऱ्याच्या वसुंधरेला एक शब्द कळत नव्हता आणि ती रडत होती. बाहेर केळीची पानं हलत होती, सावल्या सरकत होत्या, आणि घडीभर कुणालाच कळेना की कोण जिवंत आहे आणि कोण फक्त माळ्यावर.

गाणं संपलं. सॅन्टन बंद करायला गेला, तर डेल्फिनने हात धरला. म्हातारी आत खोकली. मग, वैतागलेल्या पण लाडिक आवाजात, ती मोबाईल धरून उभ्या असलेल्या जावयाला म्हणाली:

"झालं का, मास्तर? मघापासून हलू नको, हलू नको. आता हलू का?"

खोलीतल्या सगळ्यांनी सॅन्टनकडे पाहिलं. टायगरनेसुद्धा. त्याला आठवत नव्हतं. ऐकलं असेल, पण तेव्हा तो विहिरीतल्या बादलीचा आवाज कमी कसा करावा या विचारात असणार. हवा होता तो शब्द, त्याहूनही जुना आणि घरचा, इतकी वर्षं त्याच्याच माळ्यावर पडून होता. आणि त्याने तो माळ्यासकट लिलावात दिला, तोच शब्द बाहेरून विकत घ्यायला.

हिशेब मिटवायचा तर असा. चर्चला त्याचं मिळालं. टिफनीला आजी मिळाली. ग्रेसी, प्रिस्का आजी आणि रमेश यांची मालकी अबाधित राहिली, त्यामुळे त्या घरात कॉम्प्युटर लावायचा तर पंखा, ओटा आणि माळा यांच्या मालकांना निरोप जातो, आणि तिघंही येतात, रमेश सहकुटुंब. गॉडफ्रे निरीक्षक म्हणून येतो. सॅन्टनच्या नावावर उरली ती खिडकी, रिकामं घर, आणि तो एक स्क्रू.

आणि या सगळ्याचा खर्च कुणी भरला, ते त्याच दुपारी ठरलं. डेल्फिनने डोळे पुसले, आलेली माणसं मोजली, आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवत म्हणाली, "चहा टाका, मास्तर. सगळ्यांना. साखर बेताने."

सॅन्टन उठला, आणि आयुष्यात पहिल्यांदा इतक्या घाईने स्वयंपाकघरात गेला.